जनसंपर्काची नोकरी: पहिली दोन-तीन वर्षे नेमकी कशात जातात

‘जनसंपर्क हेच क्षेत्र का निवडलेत,’ असे नवोदितांना विचारले, की बहुतेक जण ‘मला लोकांशी बोलायला आवडते’ असे उत्तर देतात. उत्तर प्रामाणिक असते, पण त्यात कामाची फारशी कल्पना दिसत नाही. नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत बोलण्यापेक्षा वाचणे, लिहिणे आणि एकाच गोष्टीचा न कंटाळता पाठपुरावा करणे यांतच बहुतेक वेळ जातो. गोड बोलता येणे हा या क्षेत्रात फायद्याचा गुण आहे. मात्र कोणत्या माहितीची बातमी होऊ शकते आणि कोणत्या माहितीची होऊ शकत नाही, हे ओळखता येणे त्याहून कितीतरी मोलाचे आहे, आणि हे शिकवून येण्यापेक्षा रोज चार वर्तमानपत्रे बारकाईने वाचून लवकर येते.

जाहिरात आणि जनसंपर्क यांतला फरक सुरुवातीलाच नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचे बरेचसे गैरसमज तिथूनच निर्माण होतात. जाहिरातीसाठी संस्था जागा विकत घेते, त्यामुळे मजकूर कोणता, तारीख कोणती, पान कोणते हे ती स्वतः ठरवते. बातमीच्या बाबतीत यांतले काहीच तिच्या हातात नसते. उपसंपादक मथळा बदलतो, वीस ओळींच्या चार ओळी करतो, प्रतिस्पर्धी कंपनीची प्रतिक्रिया शेजारी छापतो किंवा सगळा मजकूर बाजूला टाकतो. असे असूनही संस्थांना बातमी हवी असते, कारण पैसे देऊन छापलेल्या मजकुरापेक्षा पत्रकाराने तपासून दिलेल्या मजकुरावर वाचक अधिक विश्वास ठेवतो. जनसंपर्काची व्याप्ती अर्थात बातमीपुरती नाही. कामगार, भागधारक, कारखान्याशेजारचे ग्रामस्थ, सरकारी अधिकारी, ग्राहक अशा प्रत्येकाशी संस्थेचा संवाद कसा राहावा, हे पाहण्याचे काम त्यात येते. तरीही उमेदवारीच्या काळात सगळ्यात जास्त संबंध माध्यमांशीच येत असल्यामुळे या लेखातही भर त्यावरच आहे.

नोकऱ्या कुठे असतात, याचा विचार करताना आधी एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. नोकरीच्या जाहिरातीत ‘पीआरओ (म्हणजे जनसंपर्क अधिकारी) पाहिजे’ असे लिहिलेले असले, तरी रुग्णालयांत त्याचा अर्थ अनेकदा स्वागतकक्षात बसून रुग्णांच्या नातेवाइकांना मार्गदर्शन करणे असा असतो, आणि बांधकाम व्यवसायात तर कधी कधी निव्वळ सदनिका विकणे असा. दोन्ही कामे चांगलीच आहेत, पण ती या लेखातली कामे नव्हेत. अर्ज करण्यापूर्वी ‘मला माध्यमांसाठी लिहावे लागेल का,’ एवढा एकच प्रश्न विचारला, तरी खुलासा होतो. माध्यमांशी संबंधित खऱ्या जागा प्रामुख्याने तीन ठिकाणी सापडतात: अनेक कंपन्यांचे काम एकाच वेळी करणाऱ्या जनसंपर्क एजन्सीत, मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या विभागात आणि सरकारी किंवा सार्वजनिक संस्थांत. महापालिका, महावितरण, मध्य आणि पश्चिम रेल्वे, विद्यापीठे या सगळ्यांकडे जनसंपर्क अधिकारी असतात. कंपन्यांचे स्वतःचे विभाग शक्यतो अनुभवी माणूस घेतात, त्यामुळे खासगी क्षेत्रात बहुतेकांची सुरुवात एजन्सीतूनच होते.

एजन्सीत नव्याने लागलेल्या अकाउंट एक्झिक्युटिव्हचा (म्हणजे ठरावीक क्लायंटचे काम पाहणाऱ्याचा) दिवस वर्तमानपत्रांनी सुरू होतो. ज्या तीन-चार क्लायंटचे काम त्याच्याकडे असते, त्यांच्याविषयी, त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांविषयी आणि त्यांच्या उद्योगाविषयी काय छापून आले, कोणत्या वाहिनीवर काय दाखवले गेले आणि समाजमाध्यमांवर कशाची चर्चा आहे, याचा अहवाल सकाळी क्लायंटची पहिली बैठक सुरू होण्याआधी जावा लागतो. हे काम कंटाळवाणे असल्याची तक्रार सगळेच करतात, आणि ते कंटाळवाणे आहेही. पण कोणता बातमीदार कोणत्या विषयावर लिहितो, कोण आकडेवारी मागतो, कोणाला माणसांच्या गोष्टी हव्या असतात, कोणत्या आवृत्तीत उद्योगाचे पान कोणत्या वारी असते, हे सारे त्यातूनच डोक्यात बसते. दुपारचा वेळ मजकूर लिहिण्यात, तो क्लायंटकडून मंजूर करून घेण्यात आणि बातमीदारांना फोन करण्यात जातो. संध्याकाळी पाने लावण्याची घाई सुरू झाल्यावर ‘सर, आमची प्रेस नोट मिळाली का’ म्हणून फोन करणारा नवशिका ज्येष्ठांची बोलणी खातो, आणि ते योग्यच आहे.

प्रेस नोट किंवा प्रसिद्धिपत्रक हे या व्यवसायातले सगळ्यात जुने आणि आजही सगळ्यात जास्त बिघडवले जाणारे साधन आहे. त्याचा उगम शोधताना अमेरिकेतले सुरुवातीचे जनसंपर्क सल्लागार आयव्ही ली यांचे नाव घेतले जाते. ऑक्टोबर १९०६ मध्ये अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोड कंपनीची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. अशा वेळी माहिती दडपून ठेवण्याची त्या काळातल्या रेल्वे कंपन्यांची रीत होती. ली यांनी कंपनीतर्फे लेखी निवेदन दिले आणि पत्रकारांना अपघातस्थळी जाण्याची सोयही करून दिली. आपण माहिती दिली नाही, तर ती जागा अफवा भरून काढते, हा त्यामागचा विचार आजही तसाच लागू आहे.

आता मराठीतले प्रसिद्धिपत्रक कसे असते आणि कसे असायला हवे, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. समजा, सोलापुरातील एका नागरी सहकारी बँकेने सांगोला आणि मंगळवेढा येथे शाखा सुरू केल्या. अध्यक्षांच्या कार्यालयातून येणारा कच्चा मजकूर बहुधा असा असतो: ‘ग्राहकसेवेची उज्ज्वल परंपरा जपणाऱ्या आपल्या बँकेच्या शिरपेचात आणखी एक मानाचा तुरा खोवला गेला असून, माननीय अध्यक्षांच्या कुशल नेतृत्वाखाली व संचालक मंडळाच्या अनमोल सहकार्याने बँकेने नुकतीच गरुडझेप घेतली आहे.’ शाखा कुठे निघाल्या, हे तिसऱ्या परिच्छेदात कळते. त्या शाखांत सामान्य खातेदाराला काय मिळणार, हे शेवटपर्यंत कळत नाही. उपसंपादकाकडे दिवसाला असे कितीतरी मजकूर येतात, आणि तो पहिली ओळ वाचूनच पुढच्याकडे वळतो.

तोच मजकूर असाही सुरू होऊ शकतो: ‘सांगोला आणि मंगळवेढा तालुक्यांतील खातेदारांना कर्जमंजुरीसाठी यापुढे सोलापूरला यावे लागणार नाही. बँकेने दोन्ही गावी सोमवारपासून शाखा सुरू केल्या असून, पाच लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाचे अर्ज तेथेच मंजूर केले जातील.’ कोणाला, काय, कुठे, केव्हा या प्रश्नांची उत्तरे दोन वाक्यांत मिळाली. दुसऱ्या परिच्छेदात शाखांचे पत्ते, वेळा आणि कर्जाच्या अटी, तिसऱ्यात अध्यक्षांच्या तोंडी एक-दोन वाक्ये आणि शेवटी बँकेची थोडक्यात माहिती, असा क्रम ठेवला म्हणजे जागेअभावी तळाकडून मजकूर कापला गेला, तरी बातमी शाबूत राहते.

खरी कसोटी मात्र त्यानंतर लागते. अध्यक्षसाहेब मजकूर वाचून विचारतात, ‘पहिल्या ओळीत माझे नाव का नाही?’ इथे मान डोलावून नाव वर घालणारा माणूस क्लायंटला त्या दिवसापुरता खूश करतो आणि दुसऱ्या दिवशी बातमी आली नाही म्हणून त्याचीच बोलणी खातो. त्याऐवजी ‘साहेब, नावाने सुरुवात केली तर पेपरवाले ती ओळच उडवतात, तिसऱ्या परिच्छेदात तुमचे म्हणणे अवतरणात ठेवले, तर ते नाव आणि हुद्द्यासह राहते,’ असे शांतपणे सांगता यायला हवे. क्लायंटला न दुखावता नको ते ऐकवता येणे हे या नोकरीतले सगळ्यात अवघड कौशल्य आहे, आणि अभ्यासक्रमांत ते फारसे शिकवले जात नाही.

काही गोष्टी वरकरणी किरकोळ वाटतात, पण कामाचा दर्जा त्यांवरून जोखला जातो. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून वर्ड फाइलमध्ये पाठवावा; जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडताच अगम्य खुणांचा ढीग होतो, आणि लेटरहेडवर छापून स्कॅन केलेल्या पत्रावरून सगळे पुन्हा टाइप करण्याइतका वेळ डेस्कवर, म्हणजे उपसंपादकांच्या विभागात, कोणालाही नसतो. छायाचित्र फाइलमध्ये चिकटवू नये, वेगळे जोडावे, आणि त्याच्या ओळीत डावीकडून क्रमाने नावे व हुद्दे द्यावेत. आडनावाच्या ऱ्हस्व-दीर्घासह प्रत्येक नाव दोनदा तपासावे. ज्याचा मोबाइल क्रमांक संपर्कासाठी दिला आहे, त्याने रात्री नऊ वाजतासुद्धा फोन उचलावा, कारण शंका विचारायची असली, तर उपसंपादक त्याच वेळी फोन करतो.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांना या क्षेत्रात आपला निभाव लागणार नाही अशी जी धास्ती वाटते, ती निम्मी खरी आणि निम्मी अनाठायी आहे. मुंबईतल्या एजन्सींचे अंतर्गत कामकाज, क्लायंटशी पत्रव्यवहार आणि सादरीकरणे इंग्रजीतच चालतात, त्यामुळे स्वच्छ इंग्रजी लिहिता आलेच पाहिजे. त्याला पर्याय नाही. पण याच एजन्सींना महाराष्ट्रातल्या वाचकापर्यंत पोहोचायचे असते तेव्हा कोल्हापूरचा ‘पुढारी’, अकोल्याची ‘देशोन्नती’, नाशिकचे ‘देशदूत’, बेळगाव आणि गोव्यात वाचला जाणारा ‘तरुण भारत’, पणजीची ‘नवप्रभा’ अशा दैनिकांच्या दारात जावे लागते. तिथे इंग्रजीवरून घाईघाईने उतरवलेला ‘जाहीर करताना आम्हाला अत्यंत आनंद होत आहे’ छापाचा मजकूर चालत नाही, आणि कंपनीच्या देशभरातल्या उलाढालीपेक्षा आपल्या जिल्ह्यात किती रोजगार येणार याला महत्त्व असते. ही नस ओळखून थेट मराठीत लिहिणारी माणसे एजन्सींत कमी आहेत. ज्याला दोन्ही भाषा नीट येतात, त्याने स्वतःला कमी लेखण्याचे कारण नाही.

बातमीदारांशी ओळख वाढवणे म्हणजे त्यांना भेटवस्तू देणे, असा एक समज जुन्या पिढीकडून नव्या पिढीकडे येतो. पत्रकार परिषदेत फोल्डरसोबत मिळणाऱ्या ‘पाकिटा’चे किस्से आपल्याकडे चवीने सांगितले जातात. निवडणूक काळातल्या पेड न्यूजवर तर भारतीय प्रेस परिषदेला २०१० मध्ये स्वतंत्र अहवाल द्यावा लागला. पैसे देऊन बातमी छापून आणणे हा जनसंपर्क नव्हे. ती लपवलेली जाहिरात आहे आणि तिच्यामुळे ज्या विश्वासासाठी सगळा खटाटोप चाललेला असतो, तोच बुडतो. समाजमाध्यमांवरही हेच लागू पडते. इन्फ्लुएन्सरने मोबदला घेऊन केलेल्या पोस्टवर तसा उल्लेख असलाच पाहिजे, असे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि अशा मोहिमा आखणाऱ्या नवख्या माणसाला हा नियम माहीत नसणे महागात पडू शकते. बातमीदार ओळख ठेवतो ती वेळेवर खरी माहिती देणाऱ्याशी. कधी आपल्या क्लायंटचा संबंध नसतानाही त्याला हवा असलेला तज्ज्ञ शोधून दिला, तर ते त्याच्या लक्षात राहते.

केलेल्या कामाचे मोल कसे ठरवायचे, हा प्रश्न नोकरीच्या पहिल्याच महिनाअखेरीस समोर येतो. बातमीने किती सेंटिमीटर जागा व्यापली ते मोजायचे, त्या जागेचा जाहिरातदर लावायचा आणि ‘आम्ही तुमचे अमुक लाख वाचवले’ असा तक्ता क्लायंटला द्यायचा, ही जुनी पद्धत. जगभरातल्या मापनतज्ज्ञांनी २०१० मध्ये बार्सिलोना येथे मान्य केलेल्या तत्त्वांनी ही पद्धत अग्राह्य ठरवली, कारण त्यातून लोकांचे मत बदलले की नाही हे मुळीच कळत नाही. तरीही आपल्याकडे अनेक क्लायंट तो तक्ता हक्काने मागतात. नवोदिताने तो करून द्यावा, पण त्यासोबत बातमी नेमक्या वाचकांपर्यंत पोहोचली का, आपला मुख्य मुद्दा तिच्यात आला का आणि त्यानंतर चौकशा वाढल्या का, हेही नोंदवण्याची सवय लावून घ्यावी.

संकटकाळात या व्यवसायाचा खरा कस लागतो. महाराष्ट्रात घडलेले एक प्रकरण यासाठी अभ्यासण्यासारखे आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत कॅडबरीच्या डेअरी मिल्क चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी झाल्या आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली. कंपनीचा पहिला पवित्रा असा होता, की कारखान्यात हे घडणे शक्य नाही, दुकानांमधल्या साठवणुकीत दोष असावा. तांत्रिकदृष्ट्या तो मुद्दा चुकीचा नसेलही; पण दुकानात अळी आत शिरू शकते, तर मग वेष्टनाचे काय, असा प्रतिप्रश्न प्रशासनाने केला आणि वाचकांना तोच पटला. ऐन सणात विक्री घसरली. त्यानंतर कंपनीने आपला रोख बदलला. ‘विश्वास’ नावाची मोहीम काढून दुकानदारांना साठवणुकीचे प्रशिक्षण दिले, जानेवारी २००४ मध्ये उष्णतेने सीलबंद केलेले नवे, अधिक खर्चाचे वेष्टन आणले आणि त्यानंतर अमिताभ बच्चन यांना जाहिरातीत उभे केले. यातला क्रम महत्त्वाचा आहे. वेष्टन बदलण्याआधीच बच्चन यांना पुढे केले असते, तर त्यांचाही उपयोग झाला नसता, कारण लोकांच्या मनातला प्रश्न अळीचा होता आणि त्याचे उत्तर वेष्टनातच होते. जनसंपर्काच्या माणसाला अशा वेळी कंपनीच्या आत ‘आधी वस्तू दुरुस्त करा, मग बोलू’ असे सांगावे लागते. पहिल्या वर्षी हे सांगण्याचा अधिकार नसतो, पण ग्राहकांच्या तक्रारी कोणत्या शब्दांत येत आहेत, याची अचूक नोंद वरिष्ठांपर्यंत नेण्याचे काम त्याच्याकडेच असते, आणि तीवरूनच निर्णय होतात.

शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीचे काम हाती आले, तर आणखी एक शिस्त पाळावी लागते. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार महत्त्वाची घडामोड शेअर बाजाराला कळवावी लागते, त्यामुळे ती आधी एखाद्या ओळखीच्या बातमीदाराच्या कानावर घालणे नियमभंगाला निमंत्रण देणारे ठरते. तिमाही निकालांचा किंवा विलीनीकरणाचा मसुदा ज्याच्या हातात आधी पडतो, त्याचे नाव आणि पॅन क्रमांक कंपनीच्या डिजिटल नोंदवहीत जातो. माहिती जाहीर होण्यापूर्वी त्याने तो शेअर घेतला किंवा विकला, तर तो थेट कायद्याच्या कचाट्यात सापडतो. घरी जेवताना सहज केलेला उल्लेखही इथे धोक्याचा असतो. शिवाय १ जून २०२४ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० आणि १ डिसेंबर २०२४ पासून पहिल्या २५० कंपन्यांना, माध्यमांतल्या एखाद्या अफवेमुळे शेअरच्या भावात लक्षणीय हालचाल झाली, तर २४ तासांत त्या अफवेची पुष्टी, इन्कार किंवा खुलासा करावा लागतो. पूर्वी ‘बाजारातल्या अफवांवर आम्ही भाष्य करत नाही’ या एका वाक्यावर वेळ निभावत असे. या कंपन्यांच्या बाबतीत ते दिवस संपले.

सरकारी सेवेची वाट वेगळी आहे. राज्यात माहिती व जनसंपर्क महासंचालनालय हा विभाग मंत्रालयातून आणि जिल्हा माहिती कार्यालयांतून काम करतो. ‘लोकराज्य’ हे मासिक त्याचेच. तिथल्या अधिकारी पदांची भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते आणि त्यासाठी पत्रकारितेची पदवी किंवा पदविका तसेच अनुभव अशा अटी असतात. त्या प्रत्येक जाहिरातीत तपासून पाहाव्यात. केंद्रात भारतीय माहिती सेवेची ‘अ’ गटातील पदे संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून भरली जातात, आणि केंद्र सरकारची माहिती माध्यमांना देणाऱ्या पत्र सूचना कार्यालयासारख्या ठिकाणी या सेवेतले अधिकारी काम करतात. इथे स्थैर्य आहे, मात्र पूरस्थितीत किंवा निवडणुकीच्या काळात कामाचे तास मोजून चालत नाही.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूट, सिम्बायोसिसचे माध्यम महाविद्यालय, मुंबईतील झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स, दिल्लीतील भारतीय जनसंचार संस्था आणि तिचे अमरावतीचे केंद्र ही ठाऊक असलेली नावे आहेत, आणि मुंबई विद्यापीठाचा जनसंचाराचा पदवी अभ्यासक्रम अनेक महाविद्यालयांत उपलब्ध आहे. पदविकेमुळे इंटर्नशिप मिळवणे सोपे जाते, एवढा तिचा रोकडा उपयोग. पण अर्थशास्त्र, कृषी, औषधनिर्माण अशा विषयांचे पदवीधरही या क्षेत्रात चांगले रुळतात, कारण औषध कंपनीचा मजकूर ज्याला मुळात समजतो, त्यालाच तो सोपा करून सांगता येतो. पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही १९५८ मध्ये स्थापन झालेली व्यावसायिकांची संस्था आहे. तिच्या कार्यक्रमांना विद्यार्थिदशेतच हजेरी लावली, तर या व्यवसायातली माणसे जवळून भेटतात.

पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांच्या जाड फाइलपेक्षा लेखनाचे चार-पाच चांगले नमुने जवळ असावेत. अनुभव नसला तरी ते तयार करता येतात: महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाचे, गावच्या वाचनालयाच्या उपक्रमाचे किंवा एखाद्या महिला बचत गटाच्या प्रदर्शनाचे प्रसिद्धिपत्रक लिहून स्थानिक दैनिकांना पाठवावे आणि छापून आले तर आपला मूळ मजकूर व छापील बातमी शेजारी शेजारी लावून ठेवावी. डेस्कने काय कापले आणि काय ठेवले, हे त्या दोन कागदांवर दिसते, आणि मुलाखत घेणाऱ्याशी त्यावर बोलताही येते. एजन्सीत बहुधा लेखी चाचणी असते. अर्धवट, विस्कळीत माहितीचा एक कागद देऊन तासाभरात त्याचे प्रसिद्धिपत्रक करायला सांगतात, आणि त्या कागदात एखादी तारीख वाराशी न जुळणारी किंवा एखादी बेरीज चुकलेली मुद्दाम ठेवलेली असू शकते. मजकुराला हात घालण्याआधी ती विसंगती परीक्षकाच्या लक्षात आणून देणाऱ्या उमेदवाराची भाषा थोडी कमी पडली, तरी त्याला सहसा परत पाठवत नाहीत.